निळी वाटी

पासो रोबल्सच्या टेकडीवर
गाडीची किल्ली माझ्याकडे,
म्हणून वाइनच्या टेबलाशी मी नाही.
तिकडे हेरंब आणि त्याच्या ऑफिसातले चौघे
ग्लास गरगर फिरवतायत.
कुणाला चामडं लागतंय, कुणाला ओला दगड.
दगड कधी चाटलायस रे?

मी तेलाच्या खोलीत.
आन्सेल्मो निळ्या काचेच्या वाट्या मांडतो,
रंग बघून कुणी फसू नये म्हणून निळ्या.
तळव्यात धरा, म्हणतो, ऊब द्या,
मग सुर्रकन ओढा, हवेसकट.

बशीतला चहा असा ओढला
की धपाटा मिळायचा.
इथे तिकीट काढून ओढते.
आधी कापलेलं गवत,
मग कोवळ्या कारल्याची कड,
आणि घशात एकदम
ठसका.
एक आला तर तेल चांगलं, दोन आले तर फारच.
मला तीन. डोळे पुसत हसतेय.

तिसरी वाटी फ्रेस्नोच्या जोडप्याला फार आवडली,
लोण्यासारखी, म्हणाले.
मी म्हटलं, खवट.
काय?
खवट. डब्याच्या तळाशी विसरलेलं खोबरं.
आन्सेल्मोने काउंटरखालून
मुद्दाम ठेवलेली जुनी बाटली काढली
आणि शब्द दोनदा म्हणून पाहिला.
ट काही त्याच्या टाळूला लागेना.

उतारावर हेरंब डोळे मिटून विचारतो,
कंटाळलीस?
वळण आहे, मी म्हणते.
दोन्ही बाजूंना वाळलेल्या पिवळ्या टेकड्या,
घसा अजून जळतोय,
पर्समध्ये पाव लिटर तेल.
किंमत घरी गेल्यावर सांगेन.