पुडीवरचा चंद्र

दुकान गंगावेशीच्या पुढं, दूधकट्ट्याच्या वासात.
पहाटे म्हशी येतात,
म्हशींच्या मागनं शिंका.
गुऱ्हाळं पेटली की चिपाडाची धूळ
वाऱ्यावर बसून शहरात येते,
आणि लोक नाक पुसत काउंटरवर
एकच वाक्य ठेवतात :
"ताई, शिंकेची गोळी द्या."
नाव नको, पावती नको,
जणू सगळ्यांची शिंक एकाच घराण्यातली.

पारिसा मगदूम, उद्यमनगर, पॉवर प्रेस.
पत्र्याला भोक पाडायचं, दिवसाला चार हजार वेळा.
गोळी त्यानं माझ्याकडनं नव्हे, पानपट्टीवरनं घेतलेली,
सुट्टी, पिवळी, आठ आण्यांच्या काळातली.
सकाळी एक.
उतार पडेना म्हणून दहाला आणखी एक.
वर सर्दीची म्हणून तिसरी,
तिच्यात तेच औषध, कपडे तेवढे वेगळे.
दुपारी डबा खाऊन झाला.
मशीन चालू, डोळे उघडे,
मधला माणूस मात्र घटकाभर कुठंतरी गेला.

संध्याकाळी आला तो. बोलला नाही.
काउंटरवर हातमोजा ठेवला.
मधल्या बोटाला टोक नव्हतं.
मी त्याच्या हाताकडं बघितलं.
पाच.
पुन्हा मोजली. पाच.
"बोट मागं हुतं, कापड म्होरं,"
एवढं म्हणाला, आणि शिंकला.

एरवी मी दुकानात शिकवत नाही.
गिऱ्हाईक घाईत असतं, मीही असते.
त्या दिवशी स्टूल ओढलं. म्हटलं, बस.

धूळ दिसली की अंगातला पहारेकरी शिट्टी फुंकतो,
चोर नसतानाही.
ही गोळी शिट्टी थांबवत नाही,
ऐकणाऱ्यांच्या कानात कापूस घालते.
जुनी गोळी तोच कापूस पार मेंदूपर्यंत नेते,
मग प्रेसचा ठोकाही लांबनं ऐकू येतो,
शेजारच्या गल्लीत कुणीतरी कांडतंय तसा.

ही नवी घे. दिवसाला एक, रात्री.
एकीनं भागलं नाही तर दुसरी नाही, डॉक्टर.
हिनंही कुणाकुणाला पेंग येते,
तुला येते का ते आधी सुट्टीच्या दिवशी घरी बघ,
प्रेसवर नको, गाडीवर नको.
आणि शनिवारी रस्सा ओरप हवा तेवढा,
पण गोळी चालू असताना 'बसायचं' नाही.
(तो ओशाळून वजनकाट्याकडं बघायला लागला.)

ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला,
तर माझ्याकडं यायचं नाही.
गोळी शोधत बसायचं नाही.
रिक्षा. सीपीआर. सरळ.

"आईलाबी हीच देऊ? तिचंबी नाक गळतंय."
आईला काचबिंदू. मला माहीत आहे, थेंब मीच देते.
म्हटलं, तिला घेऊन ये. तुझी गोळी तुझी.

पुड्यांवर मी सूर्य काढते, चंद्र काढते.
वाचता येणाऱ्यांच्याही.
आजारी माणसाला अक्षरं नकोशी होतात.
त्याच्या पुडीवर एकच चंद्र आला,
जरा वाकडा,
माझा हात तेव्हा कुठं थांबला होता.

आठवड्यानं आला. धूळ तशीच,
ऊस अजून निम्मा उभा.
"शिंका?"
"दोन-चार. असू देत की.
निदान माझ्या हायत हे कळतंय."

मोजा त्यानं परत मागितला नाही.
तो माझ्या ड्रॉवरात आहे, सुट्ट्या पैशांच्या शेजारी.
कुणी सुट्टी गोळी मागितली
की ड्रॉवर उघडतेच मी,
आणि मग थोडा वेळ
काही देत नाही.