खिळा नाई ठोकाचा

किल्ली देताना कौतिकाबाई एवढंच म्हणाली,
"भाडं मांगंपुढं चालते, खिळा नाई ठोकाचा."
भिंत मातीची, हातभर जाड,
वर पांढऱ्या मातीचा पोतारा,
बोटं जिथं वळली तिथं कमानी उमटलेल्या.

मी उपकेंद्रातली नर्स, घाटंजीहून बदलून आलेली.
सामान म्हणजे पेटी, स्टोव्ह आणि दोन चौकटी:
एकीत आईबाबा, माहूरच्या पायऱ्यांवर, उन्हानं डोळे बारीक;
दुसरीत जुन्या कॅलेंडरचा बर्फ,
बर्फात लाकडी घर, दारात निळी गाडी.
शेचाळीस डिग्रीत बघायला बरं म्हणून जपलेला.

आधी पट्टी लावली, दवाखान्यातली, जखमेवरची.
रात्री दोन वाजता बर्फ खाली आला
भिंतीचं सालटं सोबत घेऊन.
पांढऱ्याखाली निळा थर, निळ्याखाली पिवळा,
त्याखाली भुसा कालवलेली माती
आणि तिच्यात गव्हाचं एक अख्खं काड, अजून चमकणारं.
सकाळी वाटीत माती भिजवून मी तेवढं बुजवत होते
तर उंबऱ्यावर कौतिकाबाई.
"टाके घालता येते ना तुले," म्हणाली, आणि गेली.

कणकेची खळ मुंग्यांनी नेली.
आईबाबा महिनाभर पेटीवर टेकून बसले,
परतीच्या गाडीची वाट पाहत असल्यासारखे.

मग एका दुपारी तीच आली, दातांत सुतळी धरून.
साठीची बाई सरळ खाटेवर चढली,
मयालीवरून दोन फासे सोडले.
"वजन भितीवर द्याचं नाई. वजन वरतं द्याचं.
भितीले नुसतं टेकू द्याचं."
ओच्यातून दोन बोंडं काढली, सरकीसकट कापूस,
चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बांधला.
"घासलं नाई पायजे. तिले बी उशी लागते."

वर्ष गेलं. वैशाखातलं वावधन आलं,
टिनाची पानं उडाली शेजारच्यांची,
बर्फ जरासा हलला, थांबला.
ट्रॅक्टर गेला की आईबाबा किंचित मान डोलवत.
चौकटीमागे पालीनं बिऱ्हाड केलं, भाडं न देता.
आणि कौतिकाबाई यायची,
कधी ताक घेऊन, कधी काडेपेटी मागायला,
ताक ठेवून वर बघत राहायची.
मला वाटलं, बर्फ आवडला.

तुरी सोंगून झाल्यावर एकदा
खताच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.
काच तडकलेली. आत अकरा मुली, खो-खोचा संघ,
पुढे टेबलावर ढाल, पाटीवर खडूनं १९७९,
दुसऱ्या रांगेत एक, गुडघ्याला चिंधी बांधलेली,
कॅमेऱ्यावर धावून जाईल अशी उभी.

"सासरा म्हने, भीत खराब होते.
मंग मालक म्हने, भीत खराब होते.
एकोणचाळीस वर्सं कोठीमांगं होता."

"आणि ही सुतळीची युक्ती?"
"ते मायी माय करे. येतच होतं मले."
"मग इतकी वर्षं?"

तिनं पदरानं काच पुसली, तडा टाळून.
"आधी तुयाच फोटोवर पाह्यलं म्या.
वरीसभर. पडते का."

संध्याकाळी तिच्या घरात खाटेवर मी चढले.
खालून ती कापूस देत होती, जास्तच देत होती.
अंगणात मालक दोनदा खोकले.
भिंतीला काहीच झालं नाही.

"डावीकून जराक खाली."
मी गाठ सैल केली.
"लय झालं. वर घे. दोन बोटं."
घेतली.
"अजून एक."
सरकी सुकलेल्या मातीला टेकली, आवाज न करता.
"राहू दे आता," ती म्हणाली,
"तिले धापच लागली असंन."