अंड्यामागचा दिवा

परभणीत मे महिन्यात दुपारी दोनला लाइट जाते
आणि मी आधी अंड्यांकडे धावते.
अडतीस अंडी,
टरफलावर पेन्सिलीनं नंबर घातलेले.
बाहेर चव्वेचाळीस, आत सदतीस हवेत.
हिवाळ्यात ऊब देणारी पेटी
आता थंडावा राखते, जमेल तसा.
मी तिच्यावर ओलं पोतं टाकते.
साहेबांना आवडत नाही.
प्रबंधात पोतं लिहिता येत नाही.

क्लॅमिडियाला ताटलीत वाढलेलं चालत नाही.
तिला पेशी लागते, जिवंत, कुणाची तरी.
पेशी तिला आत घेते,
आपल्यातलंच काही समजून,
आणि ती एक खोली धरते.
पीठ घरमालकाचं, तेल घरमालकाचं, वीज घरमालकाची.
दोनाची चार, चाराची आठ,
तिसऱ्या दिवशी भिंत फुटते
आणि शेजारच्या दारांवर थाप.

जिंतूरहून जुलेखाबी आल्या होत्या
दुधाच्या किटलीत बर्फ, बर्फात वार घेऊन.
"अकरा शेळ्या गाभडल्या बाई, चौथ्या महिन्यात.
काळ्याकुळीत उस्मानाबादी.
लोकं नजर लागली म्हणायलेत."
मी काचपट्टीवर त्यांना नजर दाखवली,
जांभळ्या ठिपक्यांचा दाट घोळका.
एक डोळा मिटून त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"एवढुसं?"
मग दाराशी, चप्पल घालता घालता,
"मेलेलं करडू सुनेनंच वढून काढलं.
तिलाबी पाचवा होता."
होता.
हातमोजे काढायचे मी विसरले त्या दिवशी.
संध्याकाळी खोलीच्या दारावर कागद चिकटवला,
माझ्याच अक्षरात:
गरोदर स्त्रियांनी आत येऊ नये.

नांदेडहून एसटी पार्सलनं पुड्या येतात
थर्माकोलच्या डब्यात, नाव नाही, नुसते आकडे.
एक ते सोळा गेल्या.
काहींनी जंतू मारला आणि पिल्लूही.
चोर मेला, घर जळालं,
असं मी वहीत लिहिलं,
मग खोडून लिहिलं: विषारी.

सतरा नंबर मारत नाही.
सतरा नंबर दिला की ती खोलीतच बसते,
फुगते, उपाशी, वाढत नाही,
फुटत नाही.
औषध काढलं की चार दिवसांनी
आळोखेपिळोखे देत उठते.
साहेब म्हणाले, थांबवणं म्हणजे मारणं नव्हे.
बरोबर आहे.
पण शेळीला दीडशे दिवसच लागतात, सर.
दीडशे दिवस निजली तरी पुरे की.
ते हसले नाहीत. म्हणाले, पुन्हा कर. तीनदा कर.

तिसऱ्या खेपेची आज तपासणी,
आणि मी काचेच्या अलीकडे.
काल मीच सांगितलं त्यांना. दुसरा महिना.
त्यांनी काही न बोलता
दारावरच्या कागदाकडे बोट केलं.
दोन महिने मी आतच होते की,
रोज, या हातांनी.
रक्त तपासायला दिलंय.
घरी अजून कुणाला बोलले नाही.

आत वैजनाथ अंधार करतो,
अंड्यामागे दिवा धरतो.
खुणा ठरल्यात आमच्या:
शिरा लाल दिसल्या तर उघडा पंजा,
काळं पडलं असेल तर मूठ.
औषध न दिलेली सगळी मुठी. नऊच्या नऊ.
मग सतरावाली.
पंजा. पंजा. मूठ. पंजा.

तेवढ्यात फोन थरथरतो.
जुलेखाबी. दोन पाठी घेतल्यात नव्या, उसनवारीनं.
"बोकड दावू का बाई, का थांबू?"
थांबा, म्हणते मी.
"किती दिस?"

तेवीस नंबर त्यानं कधीचा हातात धरलाय,
कलता करतो, दिवा जवळ नेतो,
पुन्हा कलता करतो.
काचेतून मला फक्त
त्याची बोटं तांबूस झालेली दिसतात.

"ऐकायलात का बाई? किती दिस?"