आडवी उभी

मी मेण लावायचो.
तिच्या कारकिर्दीत माझं काम एवढंच :
आईची जुनी इस्त्री, वायर दोनदा जळलेली,
आणि निळ्या मेणाची वडी, कडक थंडीतल्या बर्फासाठी.

आइता. लिफ्टवाल्या डुरी बेत्सोलाची धाकटी.
शहाऐंशीच्या डिसेंबरात तिनं
सुताराकडून बीचची फळी तासून घेतली,
ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे ठोकले
आणि लिफ्टच्या रांगेत येऊन थांबली.
डुरीनं पाटीवर बोट ठेवलं :
फळ्यांना मनाई.
"बाबा, मी आहे."
"दिसतंय," तो म्हणाला,
आणि तिच्या मागच्या माणसाचं तिकीट टोचलं.

मग ती चालत चढली. त्या दिवशी, आणि पुढचे तीन हिवाळे.
अडीच तास वर, चार मिनिटं खाली.
बेकरीत म्हणायचे, पोरीला हिशेब येत नाही.
स्कीवाले तोंड समोर करून उतरायचे, सभ्य माणसांसारखे.
ही उताराला खांदा द्यायची,
आडवी उभी,
दार अडवून कुणी उभं राहावं तशी.
रात्री तिचे ओले बूट चुलीपाशी असायचे
आणि सकाळी त्यांत वर्तमानपत्राचे बोळे,
घट्ट कोंबलेले.
कोण कोंबतं, हे त्या घरात कुणी बोललं नाही.

पहिल्या शर्यतीत बायका दोनच.
दुसरी बव्हेरियाची, तापानं फणफणलेली,
म्हणून आइताला पुरुषांत धावू दिलं.
चौथी आली.
बक्षीस : अर्धं चीज, आणि हातमोजे,
ज्यांत तिचे दोन्ही हात एकाच वेळी मावले असते.

नंतर विमानं आली, नंबराची बनियनं,
एका घड्याळ कंपनीचं नाव हेल्मेटवर.
होक्काइदोत ती जिंकली, तेव्हा मी तिथे नव्हतो,
तिकिटाचे पैसे एकाचेच होते.
कॅनडात होतो.
पहाटे उणे चौदा. मी निळं लावलं.
अकराला ढग फाटले आणि ऊन पडलं,
आणि बर्फ ओल्या साखरेसारखा धरू लागला.
सात शतांश सेकंदांनी हरली.
पापणीला याहून जास्त वेळ लागतो.
खाली आली, फळी माझ्याकडे दिली,
म्हणाली, "भूक लागलीय."
त्यानंतर त्या मेणाबद्दल एक अक्षर नाही.
तीस वर्षं होत आली.
रागावली असती, तर मी विसरलो असतो.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तेव्हा
तिच्या डाव्या गुडघ्यात चार स्क्रू होते.
डुरीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं टीव्हीसमोर.
निवेदक म्हणाला, नव्या खेळाचं स्वागत करूया.
"नवा?" डुरी म्हणाला.
उठला, आवाज बंद केला,
आणि उरलेली शर्यत आम्ही मुक्यानं पाहिली,
बटाटे सोलत.

आता ती रात्री बर्फ सारखा करायचं यंत्र चालवते.
माझ्या खिडकीतून दिसतो
अंधारात डोंगरावर इकडून तिकडे जाणारा एक दिवा.
सकाळी मुलं येतात, रंगीत फळ्या बगलेत,
लिफ्टमध्ये चढतात. कुणी काही विचारत नाही.
विचारू नयेच.

काल दुकानात आली. भाचीची फळी घेऊन.
पोटावरून नख फिरवलं, वास घेतला.
"उद्या ऊन पडेल?"
मी इस्त्री गरम व्हायला ठेवली.
खिडकीतून वर पाहिलं.
दोन्ही वड्या टेबलावर होत्या, निळी आणि लाल.
"माहीत नाही," मी म्हणालो.
ती हसली
आणि स्टूल ओढून बसली.