चार्जिंग नाही, आवाज आहे

बॅटरी दोनदा बदलली.
पहिली परभणीहून आणली, वॉरंटी कार्डासकट,
दुसरी मेहुण्याच्या दुकानातून, उधार.
दोन्ही पंधरा दिवसांत झोपल्या.
हॉर्न दाबला की एकदाच खाकरायचा,
इंडिकेटर लागायचा पण मिटायचा नाही,
डोळा मारता मारता माणूस गोठावा तसा.

मी वायरमन. जिंतूर सेक्शन.
लोकांच्या डीपीवर फ्यूज बांधत फिरतो,
आणि माझीच सीडी हंड्रेड, चौऱ्याण्णवची,
चारठाण्याच्या फाट्यावर हेडलाईट पिवळा होत होत गेला.
दातांत टॉर्च धरून घरी आलो.
टपरीवरलं एक पोरगं बोललंच,
"वायरमनकडंच लाईट नाय."

वर तो आवाज.
टक. टक-कर्र. टक.
गाडी तापली, रेस सोडली, की उतारावर.
तीन गॅरेजं केली. तिथं ती
साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तशी गप.
एकानं टॅपेट सेट केले, एकानं चेन आवळली,
तिसरा म्हणाला, आवाज तुमच्या कानात हाय.
रात्री उशीला कान लावला तर खरंच आला.
बायकोला उठवलं. "ऐक, वाजायलंय."
ती म्हणाली, "झोपा."

मग मोईज मिस्त्री.
येलदरी रोडला, वेल्डिंगच्या मागं, पाटी नाही.
चाळीस वर्षं सायलेन्सरच्या तोंडाशी बसून
दोन्ही कानांनी गेलेला.
गाडी स्टँडला लावली आणि वाटलं, काढावी परत.
ओरडून सांगायला लागलो:
बॅटरी नवी, आरआर नवा, वायरिंग मी स्वतः...
त्यानं पाना धरलेला हात नुसता वर केला.
किक मारली.
ती उलटी आली, सणसणीत, पोटरीवर.
"ये कब से?"
असं करतेच ती, म्हटलं. कधीमधी.
तीन गॅरेजांत हे मी सांगितलंच नव्हतं.
मला ती तक्रार वाटलीच नव्हती.

हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला.
टोक इंजिनावर,
मूठ दातांत.
डोळे मिटले.
हेडवर थांबला, पुढं सरकला.
क्लचकडं थांबला, सरकला.
डाव्या कव्हरवर आला आणि तिथंच राहिला,
चिंच चाखावी तसे गाल आत ओढून.

मग मूठ लुंगीला पुसली, माझ्यापुढं धरली.
"चाब."

चावलं.
आवाज दाढेत आला.
कानात नाही, उशीत नाही,
दाढेच्या मुळाशी, लोखंडाच्या चवीचा,
टक-कर्र, टक-कर्र,
सहा महिने एकटाच ऐकत होतो तोच.
डोळ्यांत पाणी आलं. मूठ ग्रीसची होती, त्यानंही असेल.

पुलर लावून मॅग्नेट उतरवला.
नट हातानं फिरत होता.
आतली अर्धचंद्र की निम्मी झिजलेली,
मॅग्नेट लडबडत कॉइलला घासत होता
आणि तांबं उघडं पडलेलं, लख्ख,
आतल्या भिंतीला गोल ओरखडा.
आवाज तिथला. अंधार तिथला.
किकही तिथलीच.
मी वायरिंग हँडलपासून शेपटीपर्यंत तपासलं होतं,
जिथं करंट जन्मतो तेवढं सोडून.

दोन दिवसांनी कॉइल नवी गुंडाळून दिली, की नवी.
माझ्याच मीटरच्या वायरी बॅटरीला लावल्या:
बारा पॉइंट तीन.
रेस दिली. तेरा. तेरा पॉइंट आठ.
चौदा पॉइंट एकवर काटा नव्हता, आकडे होते,
तरी दोघांनीही काचेवर टिचकी मारली.
साडेआठशे झाले. पन्नास त्यानं परत दिले,
का ते विचारलं, त्याला ऐकू गेलं नाही
किंवा गेलं.

रस्त्यावर आलो. गाडी नुसती चालत होती.
आता पिशवीतल्या पकडीचा खुळखुळाट ऐकू यायला लागला,
चेनकव्हरची भुणभुण, माझंच नाक.
वळणावरून हॉर्न दिला, मिस्त्रीसाठी, लांबलचक.
वेल्डिंगवालं पोरगं दचकलं,
म्हैस रस्त्यातून बाजूला झाली.

मिस्त्रीनं वर पाहिलं नाही.
पुढची गाडी लागली होती,
आणि त्याच्या दातांत मूठ होती.