बोलावणं

कंपनीनं कागद दिलाय, त्यातलंच बोलायचं.
‘स्फोट’ म्हणायचं नाही. ‘धातूचे तुकडे’ तर नाहीच.
‘खबरदारीचा उपाय म्हणून’ म्हणायचं,
‘एअरबॅगचा एक छोटा भाग, मोफत, दीड तास,
एसीत बसा, चहा आमच्याकडून.’
अंबडच्या शेडमध्ये, गाड्या धुण्याच्या फवाऱ्याशेजारी
माझं टेबल, एक हेडफोन, तीनशे चाळीस नावं.

‘तुमची गाडी कंपनीनं परत बोलावलीय,’ मी म्हणते.
इंदिरानगरचे धारणकर सर हसले:
‘या वयात बोलावणं म्हटलं की
मी आधी वर बघतो, बाई.
गाडीला आलंय होय? जाऊ दे तिला पुढे.’
गंगापूर रोडच्या एकींनी विचारलं, ओटीपी कधी मागणार?
तिडके म्हणाले, विकली. कुणाला? ओझरच्या एकाला.
ओझरच्यानं दिली घोटीला, भाच्याला.
भाच्याचा नंबर अस्तित्वात नाही.

दुपारी टर्लेनं काढलेली डबी दाखवली,
मुठीत मावेल एवढी.
‘हिच्यात दारू असते,’ तो म्हणाला, ‘गोळ्या करून दाबलेली.
घोटी-इगतपुरीला गाडी आठ-दहा पावसाळे उभी राहिली
की गोळ्या ओल धरतात, भुसभुशीत होतात.
मग धडकेला फार घाईनं जळतात.
पिशवी फुगायच्या आधी डबीच फाटते.’
बोलता बोलता त्यानं बोट स्वतःच्या गळ्याशी नेलं
आणि तेच बोट फडक्याला पुसलं.

रात्री ती पिशवी डोळ्यांपुढून हलेना.
दहा वर्षं घडी घालून बसलेली,
हॉर्नच्या मागे, अंधारात,
एकदाच उठायचं, पातं लवायच्या आत,
कपाळ झेलायचं आणि संपायचं.
एवढंच काम. त्यासाठीच जन्म.
आणि तिच्याच कुशीत
नको. कागदात हे नाही.

दोनशे बारा उचलत नाही.
रंग चंदेरी, एमएच पंधरा,
शेवटचे आकडे चार शून्य सात एक,
नाव प्रल्हाद अहिरराव. सोळा वेळा लावला.
‘ग्राहक प्रतिसाद देत नाहीत,’ ती दुसरी बाई सांगते.
तिलाही कुणी कागद दिलेला असणार.

आणि काल, द्वारकेच्या सिग्नलला,
माझ्या स्कूटीच्या डाव्या अंगाला चार शून्य सात एक.
पुढे आईच्या मांडीवर मुलगी, पहिली-दुसरीतली,
दोन्ही तळवे डॅशबोर्डवर, तबला वाजवत.

रस्त्यावर आपण सांगतोच की अनोळख्यांना:
ताई, स्टँड. काका, मागचं दार.
वहिनी, पदर चाकात जाईल.
एक शब्द पुरतो. नाव लागत नाही, ओळख लागत नाही.
मला तो एक शब्द सापडेना.
हेल्मेटची काच वर केली, त्यांच्या काचेवर टकटक केलं,
म्हटलं, ‘दादा, ती पुढची... आतली... बोलावलीय हो...’
त्यांनी काच उतरवली नाही. मान डोलावली,
भर उन्हात चालू राहिलेला हेडलाइट बंद केला,
हात वर करून आभार मानले
आणि सुटले मुंबई नाक्याकडे, पुढे घाट.

मी तिथेच, एक पाय खाली टेकून.
मागचे सगळे हॉर्नवर हात दाबून होते,
इतके तळवे, आणि प्रत्येक तळव्याखाली, एका वितीवर...

आज दहाला पहिला फोन दोनशे बारा.
वाजला, वाजला, उचलला.
‘बाबा आंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?’
मागे कुकरची शिट्टी, बोटांचा डब्यावर ताल.
लहान मुलांशी काय बोलायचं
ते कागदात नाही.