खोली दाखवा

नाशिकला केंद्र नाही, म्हणून परीक्षा घरूनच.
शनिवारी आमच्या सिडकोत वीज जाते,
म्हणून मी रविवार घेतला. सकाळी नऊ.
आवाज नको म्हणून पंखा बंद.
आहेरवहिनींना सांगून ठेवलं, आज मिक्सर अकरानंतर.
कुशलला आत्याकडे पाठवलं, पवननगरला.

पडद्यावर: तुमचा क्रमांक सत्तेचाळीस.
मग सेहेचाळीस. मग पुन्हा सत्तेचाळीस.
रांगेत माणूस मागे जातो कसा?
रेशनच्या दुकानात निदान
मध्ये घुसणाऱ्याचं तोंड तरी दिसतं.

साडेदहाला एक आवाज आला.
खोली दाखवा, म्हणाला.
मी लॅपटॉप उचलून ओवाळल्यासारखा फिरवला:
पलंग, कपाट, शिलाई मशीन,
टेबलाखालची रिकामी फरशी, माझे स्वतःचे कान.
भिंतीवर काय लिहिलंय?
रेघा आहेत, म्हटलं, पेन्सिलीच्या. मुलाची उंची.
आकडे दिसतायत. झाका.
आकडे होतेच. एकशे चार, एकशे अकरा, एकशे सव्वीस,
आणि प्रत्येकासमोर तारीख.
मी वर चादर ठोकली. दोन खिळे, वरवंट्याने.

मला मोजता येतं हो.
अंबडच्या कारखान्यात तेरा वर्षं
बुशचं भोक तपासते.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये. एवढाच न्याय.
केसाच्या दहाव्या हिश्श्याची चूक असली तरी लाल पट्टी,
पट्टीवर माझी सही,
म्हणजे उद्या कोणी विचारलं तर उत्तर मीच द्यायचं.
सर्टिफिकेट आलं की पगार साडेतीन हजारांनी वाढणार होता.

एकतिसाव्या प्रश्नाला पडदा पांढरा झाला.

गोष्ट एवढीच. तिच्यानंतरचं लांबलं.
आपली अडचण आम्हाला महत्त्वाची वाटते.
चोवीस तासांत कळवतो.
कामाच्या बहात्तर तासांत कळवतो.
फोनवर सतारीचा एकच तुकडा,
संपायच्या आत पुन्हा सुरू.
ओळखपत्रावर पुष्पलता संपत गांगुर्डे,
अर्जात गांगुर्डे पुष्पलता एस.,
या दोघी एकच आहेत याचा पुरावा पाठवा.
पाठवला. मिळाला नाही. पुन्हा पाठवला.
फाइल मोठी आहे. लहान केली.
अस्पष्ट आहे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागे उभी असताना,
खरोखरची एक मुलगी बोलली.
मॅडम, मलाही पुढचं काही दिसत नाही, हळूच म्हणाली,
माझ्या पडद्यावर नुसतं 'प्रलंबित' येतं.
तिच्यामागे कोणीतरी ओरडलं. फोन कट.
लाल पट्टी कुणाला लावायची,
हे काही माझं ठरेना.
भोंगा झाला. डबा तसाच राहिला.

पाच महिन्यांनी, काल, संदेश आला:
तुमची तक्रार निकाली निघाली आहे.
परीक्षेबद्दल अक्षर नाही.
खाली पाच रिकाम्या चांदण्या.
आमची सेवा कशी वाटली?
एकही द्यायची नसेल तर काय दाबायचं,
ते मी बराच वेळ शोधलं.
शून्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

रात्री कुशल भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
चादर काढ ना, म्हणाला.
राहू दे, म्हटलं, पुन्हा कधी बोलावतील सांगता येत नाही.
टाचा टेकवून तो तसाच उभा.
शेवटी एका बाजूचा खिळा उपटला.
फूटपट्टी त्याच्या डोक्यावर आडवी धरली,
केस दाबून, कामावर धरते तशी.
एकशे सव्वीसच्या वर दोन सेंटिमीटर,
आणि थोडंसं.
रेघ मारली, तारीख घातली.
आणि तारखेपुढे, का कोण जाणे,
तक्रारीचा नंबर.
आठ आकडी. पाठच झालाय.